बहात्तरांची बेरीज : जुन्या अरबी ग्रंथांतले पंथ कसे वाचावेत

शियांचे २०, खारिजींचे २०, मुताझिलांचे २०, मुर्जिआंचे ५, नज्जारियांचे ३ आणि सुटे ४. बेरीज ७२. त्यात 'तरून जाणारा' म्हणजे लेखकाचा स्वतःचा एक मिळवला की ७३. अब्दुल काहिर बगदादी या पंडिताने अकराव्या शतकात 'अल-फर्क बैन अल-फिरक' या ग्रंथात इस्लामच्या पंथांचा मांडलेला हा हिशेब. बगदादी गणितीही होता, अंकगणितावरचा त्याचा ग्रंथ आजही उपलब्ध आहे. पण जिवंत समाजाची मोजदाद इतकी चोख कधी येत नाही. बेरीज चोख आली की वाचणाऱ्याने सावध व्हावे.

हे ग्रंथ टाळता मात्र येत नाहीत. पहिल्या दोन-तीन शतकांतल्या कित्येक पंथांचे स्वतःचे कागद नष्ट झाले. ते उरले आहेत ते विरोधकाच्या पुस्तकात, विरोधकाच्या शब्दांत. इतिहासाचा विद्यार्थी असो, अनुवादक असो की बोहरा-खोजांचा पूर्वेतिहास शोधणारा हौशी वाचक, प्रत्येकाला शेवटी याच याद्यांकडे यावे लागते. तिथे पोचल्यावर कामाला येईल अशी वाचण्याची एक रीत इथे सांगतो. माझे मत आधीच सांगून टाकतो : या याद्या म्हणजे शिरगणती नाही, कैफियत आहे. कैफियत वाचताना ती कोणाच्या बाजूने दिली आहे हे पाहतात, तसेच इथेही पाहायचे.

आधी लेखकाचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. इथे ते शोधल्याशिवाय पुढचे पान उलटू नका. वहीच्या पहिल्या पानावर लेखकाची माहिती लिहा : मृत्यूचे साल, गाव, धर्मशास्त्रातली बाजू, कायद्यातली शाखा आणि त्याचा पूर्वीचा पंथ. शेवटची नोंद पुष्कळजण गाळतात, आणि बऱ्याचदा तीच सर्वांत उपयोगी ठरते.

अबुल हसन अशअरीचेच पाहा. जन्म ८७४ चा, बसऱ्याचा. चाळिशीपर्यंत तो मुताझिला या बुद्धिवाद्यांच्या गोटात, जुब्बाई या त्यांच्या मोठ्या आचार्याचा शिष्य होता. मग तो गोट सोडून परंपरावाद्यांकडे आला आणि ९३६ च्या सुमारास वारला. त्यामुळे 'मकालात अल-इस्लामियीन' या त्याच्या ग्रंथात मुताझिलांच्या आपसातल्या बारीकसारीक मतभेदांची जी माहिती मिळते, ती घरात राहिलेल्या माणसाची आहे. ग्रंथाच्या आरंभी तो एक तक्रार करतो : मतांविषयी लिहिणारे कोणी काटछाट करतात, कोणी चुकीचे सांगतात, कोणी विरोधकाला बदनाम करायला मुद्दाम खोटे जोडतात. तो स्वतः या दोषांपासून बऱ्यापैकी दूर राहिला आहे. तरी हदीसवाल्यांचे, म्हणजे त्या परंपरावाद्यांचे, मत सांगून झाल्यावर तो सरळ म्हणतो की हेच आमचेही मत. बाजू लपवत नाही. असा लेखक वाचायला सोपा जातो.

बगदादी हा अशअरीच्याच परंपरेतला, कायद्यात शाफई, खुरासानात वावरलेला, मृत्यू १०३७. त्याला मुताझिला आणि शिया या दोघांविषयी मनस्वी राग. इब्न हज्म (९९४ ते १०६४) कोर्डोब्याचा. शब्दशः अर्थावर अडून बसणाऱ्या झाहिरी शाखेचा, जिभेचा तिखट. अशअरीच्या अनुयायांनाही त्याने सोडले नाही. हसन बिन मूसा नौबख्ती बगदादच्या प्रतिष्ठित शिया घराण्यातला. त्याच्या 'फिरक अश-शिआ'त शिया पंथांचा तपशील आतल्या माणसाच्या नजरेने आला आहे. आणि शहरस्तानी (मृत्यू ११५३) हा सर्वांत अवघड इसम. वर्गात शिकवायचा अशअरी मत, पण इस्माइली या शिया शाखेकडे त्याचा ओढा असल्याचा संशय त्याच्या समकालीनांनीच नोंदवला आहे.

मग आकडा कुठून आला ते पाहा

७३ या आकड्यामागे एक प्रसिद्ध हदीस, म्हणजे प्रेषितांचे वचन, आहे : यहुद्यांचे ७१ पंथ झाले, ख्रिस्त्यांचे ७२, माझ्या समुदायाचे ७३ होतील, आणि त्यांतला एकच तरेल. अबू दाऊद, तिर्मिझी आणि इब्न माजा यांच्या संग्रहांत तो वेगवेगळ्या पाठांनी येतो. श्रद्धावंताच्या दृष्टीने हे भाकीत आहे. ग्रंथकाराच्या पुढे मात्र त्यामुळे एक व्यावहारिक काम येऊन पडते : यादी ७२ वर आणून थांबवायची.

बगदादीने ते कसे केले, हे जवळून पाहण्यासारखे आहे. नज्जारियांविषयी तो म्हणतो की रय्य शहरात आज त्यांचे दहाहून अधिक गट आहेत, पण मुळात ते तीन. झाले, तीन मोजले. कर्रामियांचे खुरासानात तीन गट, पण ते एकमेकांना काफिर म्हणत नाहीत, म्हणून तिन्ही मिळून एक. मुताझिलांचे बावीस निघतात; त्यांतले दोन इतके टोकाला गेलेले की ते इस्लामबाहेरच, म्हणून वीस. शियांमध्ये झैदी तीन, कैसानी दोन, इमामी पंधरा, असे वीस. आणि अलींना देवत्व देणारे 'गुलात' हिशेबात धरलेच नाहीत. इस्माइली त्या पंधरांत आहेत, पण 'बातिनी' म्हणून इस्माइलींचाच जो प्रचार त्याला सर्वांत धोक्याचा वाटतो, त्याला त्याने शेवटच्या भागात इस्लामच्या चौकटीबाहेर काढून ठेवले आहे.

तेव्हा पेन्सिल घेऊन बसा आणि प्रत्येक ठिकाणी तीन खुणा करा : कुठे जोडले, कुठे फोडले, कुठे बाहेर काढले. 'एकमेकांना काफिर म्हणत नाहीत म्हणून एक' ही कसोटी बगदादीने सगळीकडे सारखी लावली का, हे तपासायला दोन संध्याकाळी पुरतात; पंथाच्या माहितीपेक्षा लेखकाची माहिती त्यातून जास्त मिळते.

मकहूल नसफी हा ग्रंथकार तर आणखी सरळ गेला. त्याने मूळ सहा गट धरले, प्रत्येकाच्या बारा शाखा केल्या, बारा सक बहात्तर. दोनशेहून अधिक वर्षांनी बगदादच्या इब्न अल-जौझीनेही हाच साचा वापरला. निसर्गात असे घडत नाही, ग्रंथात घडते.

आणि सगळ्यांनी हा आकडा मुकाट मानला असेही नाही. इब्न हज्मने तो हदीस सनदीच्या, म्हणजे सांगणाऱ्यांच्या साखळीच्या, कसोटीवर टिकत नाही असे म्हणून बाजूला सारला आणि पाचच मोठे विभाग केले : अहले सुन्नत, मुताझिला, मुर्जिआ, शिया, खारिजी. दहाव्या शतकातला भूगोलकार मुकद्दसी याने उलटा पाठ नोंदवला आहे : बहात्तर स्वर्गात, एक नरकात. धर्मपंडित गझालीनेही असा उदार पाठ वापरला. हा हदीस एकाच पाठाने आणि एकाच अर्थाने सर्वत्र चालत होता, असे कोणी ठामपणे सांगू लागले तर ही नावे पुढे ठेवा.

विभागणीची कसोटी काय ते शोधा

इथे शहरस्तानीचा हात धरावा. 'अल-मिलल वन्-निहल' हा त्याचा ग्रंथ ११२७ च्या सुमाराचा. त्याच्या प्रस्तावना पाच आहेत, आणि वाचक त्या ओलांडून पुढे जातात, हे नुकसानीचे आहे. तो म्हणतो, पंथ मोजण्याच्या रीतीवर एकमत असलेले दोन लेखक मला आढळले नाहीत. प्रत्येक वेगळे मत म्हणजे पंथ धरले तर मोजणे संपायचे नाही. म्हणून आधी मूलभूत प्रश्न ठरवले पाहिजेत. ते तो चार ठरवतो : ईश्वराचे एकत्व आणि गुण, दैव, मानवी कर्तृत्व आणि ईश्वरी न्याय, पाप करणाऱ्याचा दर्जा आणि त्याला मिळणारे फळ, आणि श्रुती, बुद्धी, प्रेषितत्व व इमामत. यांवरून मोठे पंथ चार : कदरिया (म्हणजे मुताझिला), सिफातिया (ईश्वराचे गुण मानणारे), खारिजी आणि शिया. बाकीचे यांच्या मिसळणीतून आलेले.

पुढे तो आणखी एक उपयुक्त गोष्ट सांगतो. मांडणी दोन तऱ्हांनी करता येते : प्रश्न धरून त्याखाली प्रत्येक पंथाचे मत द्यायचे, किंवा प्रवर्तक धरून त्याखाली त्याची सगळी मते द्यायची. त्याने दुसरी तऱ्हा निवडली. अशअरीच्या 'मकालात'मध्ये दोन्ही सापडतात. तुमच्या हातातल्या पुस्तकाची तऱ्हा कोणती, हे अनुक्रमणिकेवरूनच कळते. प्रवर्तकवार मांडणीत पंथ जास्त दिसतात, कारण प्रत्येक नावाला एक घर द्यावे लागते.

कसोटी बदलली की माणूस कुठल्या कुठे जाऊन पडतो. अबू हनीफा घ्या. आपल्याकडे देशावरचे बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी, कोकणातले शाफई. म्हणजे या इमामाचे नाव घरोघरी माहीत असलेले. अशअरीच्या यादीत मात्र अबू हनीफा आणि त्यांचे सहकारी मुर्जिआंच्या नवव्या गटात बसवलेले आहेत. कारण कसोटी होती श्रद्धेची व्याख्या : श्रद्धेत आचरण मोजायचे की नाही. इब्न हज्म अहले सुन्नतपासूनचे अंतर मोजतो आणि सांगतो की मुर्जिआंपैकी सर्वांत जवळचे ते अबू हनीफांच्या मताचे. शहरस्तानीने 'सुन्नतवाले मुर्जिआ' असा शब्दप्रयोग नोंदवून तिढा सैल केला आहे. तेव्हा एखादे नाव यादीत दिसले की ते निदान तीन ग्रंथांत शोधा आणि प्रत्येक ठिकाणी कोणत्या प्रश्नाच्या उत्तरावरून ते तिथे गेले, एवढे एका ओळीत लिहा. या एका सवयीने निम्मे गैरसमज टळतात.

नावांचे दोन रकाने

वहीत दोन रकाने आखा : स्वतः घेतलेले नाव आणि दुसऱ्याने दिलेले नाव. मुताझिला स्वतःला 'न्याय आणि एकत्ववाले' म्हणवत; विरोधक त्यांना कदरिया म्हणत, आणि कदरिया हे नाव कोणालाच नको होते, कारण त्याच्या निंदेचा वेगळा हदीस प्रचलित होता. खारिजी स्वतःला 'शुरात' म्हणत, म्हणजे ईश्वराला आपला जीव विकलेले. शियांना राफिझी म्हणणे ही निंदा. हदीसवाल्यांना मुताझिलांनी 'हश्विया' म्हटले, म्हणजे भरताड गोळा करणारे. ओमानचे इबादी आजही आहेत आणि आपल्याला खारिजींत घातलेले त्यांना मान्य नाही.

अनुवाद करणाऱ्यांना एक विनंती. मूळ ग्रंथकाराने राफिझी लिहिले असेल तर अनुवादात राफिझीच ठेवा, पण तुमच्या स्वतःच्या वाक्यात शिया लिहा. दोन्ही एक केले की बगदादीचा राग तुमच्या लेखणीतून बाहेर पडतो आणि वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

पंथ की एकटा माणूस?

अझारिका म्हणजे नाफी बिन अल-अझरकचे लोक. ६८५ मध्ये तो लढाईत पडला तरी त्याचे लोक पुढे वर्षानुवर्षे लढत राहिले. ही खरीखुरी जमात, शस्त्रे आणि सरदार असलेली. पण त्याच याद्यांत 'जाहिझिया' नावाचाही पंथ आहे. जाहिझ म्हणजे बसऱ्याचा थोर गद्यकार, प्राण्यांवर आणि कंजुषांवर पुस्तके लिहिणारा. त्याची काही स्वतंत्र मते होती, एवढेच. जाहिझियांची वस्ती, मशीद किंवा बंड कुठल्या इतिहासात शोधायला जाऊ नका. मुताझिलांची वीसची संख्या बरीचशी अशा आचार्यांच्या नावांनी भरली आहे : बिश्रचे बिश्रिया, सुमामाचे सुमामिया, नझ्झामचे नझ्झामिया.

म्हणून प्रत्येक नावापुढे विचारा : या लोकांनी कधी कर वसूल केला, बंड केले, इमाम निवडला, निदान एका गावात एकत्र राहिले? तबरीसारख्या इतिहासकारांच्या बखरींत नाव येते का? नसेल तर ते मत धरा, जमात धरू नका.

नक्कल कोणाची?

चार ग्रंथांत एकच माहिती मिळाली म्हणजे चार साक्षीदार मिळाले असे होत नाही. फखरुद्दीन राझी (मृत्यू १२१०) याने शहरस्तानीवर नेमका हाच आक्षेप घेतला : याने मुसलमानांच्या पंथांचा भाग बगदादीवरून उतरवला, आणि बगदादी इतका कडवा की विरोधकाचे मत तो धड सांगणारच नाही. राझी स्वतः अशअरी परंपरेतला, म्हणजे हा घरचाच आहेर. शहरस्तानीने प्रस्तावनेत प्रत्येक पंथाचे मत त्याच्याच पुस्तकांतून, पक्षपात न करता देण्याची अट स्वतःला घालून घेतली होती. ती अट आणि हा आरोप शेजारी ठेवून वाचा.

अट त्याने काही ठिकाणी खरोखर पाळली. अलमूतचा इस्माइली नेता हसन-ए-सब्बाह याचे फार्सीतले चार प्रकरणांचे निवेदन त्याने अरबीत करून दिले. मूळ फार्सी ग्रंथ हरवला आहे आणि आपल्याला तो मुख्यतः इथूनच कळतो. हसन वारला ११२४ मध्ये, म्हणजे शहरस्तानी एका समकालीन शत्रुपक्षाचे म्हणणे जवळपास ताजे असताना नोंदवत होता. बगदादीच्या बातिनींवरच्या प्रकरणानंतर हे वाचले की फरक झटकन कळतो. पण त्याच शहरस्तानीच्या तिसऱ्या प्रस्तावनेत सगळ्या पंथांच्या चुकांचे मूळ सैतानाच्या पहिल्या शंकांत दाखवले आहे, हेही विसरू नका. अलिप्तपणाला त्या काळची मर्यादा होती.

भारताविषयीही त्यात एक प्रकरण आहे. 'बराहिमा' म्हणजे ब्राह्मण हे नाव इब्राहिमवरून आले ही समजूत तो खोडतो, हे बरोबर; आणि मग बराहीम नावाच्या एका पुरुषावरून ते आले असे सांगतो. मराठी वाचकाला ही चूक लगेच दिसते. आपल्याला न दिसणाऱ्या अशा चुका बाकीच्या प्रकरणांत किती असतील, याचा अंदाज घ्यायला एवढी पुरे.

एक नमुना सोडवून पाहा

सराव म्हणून हिजरी २६० म्हणजे इ. स. ८७४ हे साल घ्या. शियांचे इमाम हसन अस्करी सामर्रा इथे वारले, आणि उघडपणे समोर आलेला वारस नव्हता. अनुयायांत फूट पडली. किती? नौबख्ती १४ गट सांगतो, इतिहासकार मसूदी २०, शहरस्तानी ११. आता वरच्या पायऱ्या लावा. नौबख्ती शिया, घटनेनंतर काही दशकांतच लिहिणारा, आणि चौदांपैकी एकच बरोबर मानणारा, तो अर्थात स्वतःचा : पुत्र आहे पण गुप्त आहे, हे इमामी मत. त्याला बाकीचे तेरा नीट वेगळे दाखवायचे होते, म्हणून त्याचे तपशील बारीक. शहरस्तानी अडीचशे वर्षांनी लिहितो आणि प्रामाणिकपणे सांगतो की या गटांना प्रसिद्ध नावे नाहीत, फक्त मते देतो. नावेच नाहीत, म्हणजे यातले कित्येक गट संघटित पंथ नव्हते. गोंधळलेल्या दिवसांतली ती वेगवेगळी उत्तरे होती. इमाम वारलेच नाहीत, त्यांचे भाऊ जाफर इमाम, इमामतच खंडित झाली, अशी. त्यामुळे '१४ की २०' हा वाद घालत बसण्यात अर्थ नाही. उत्तरांची यादी करा आणि त्यांतले कोणते पन्नास वर्षांनी टिकले ते पाहा.

याद्यांच्या बाहेर पडा

शेवटी प्रवासी आणि भूगोलकार. त्यांना बहात्तर भरायचे नव्हते. मुकद्दसी सिंधविषयी लिहितो की तिथे बहुतेक हदीसवाले, मोठ्या गावांत हनफी पंडित, मालिकी नाहीत, मुताझिला नाहीत. मन्सुऱ्यात त्याला दाऊदी म्हणजे झाहिरी मताचा काझी भेटला. आणि मुलतानचे लोक शिया, अजानमध्ये शियांचे वाक्य म्हणणारे. पंथ कुठे, कोणत्या खुणेने ओळखू येत होता, हे अशा दोन-चार ओळींतून कळते. बगदादीच्या वीस पानांतून कळत नाही. मसूदी तर आपल्या चौलला, म्हणजे त्याच्या सैमूरला, हिजरी ३०४ मध्ये येऊन गेला. शिलाहार राजा झंझ याच्या काळात तिथे सुमारे दहा हजार मुसलमान असल्याचे तो लिहितो, सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले. पंथांवर ग्रंथ लिहिणारा हा माणूस चौलच्या बंदरात लोकांची गावे नोंदवतो.

आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचा स्वतःचा कागद मिळत असेल तर तो आधी. इस्माइली अबू तम्माम याने खुरासानात दहाव्या शतकात ७२ पंथांची यादी केली. तिच्यात चुकलेले ७२ म्हणजे इतर सगळे. ती बगदादीच्या शेजारी ठेवून वाचावी, दोघांचाही तोल कळतो. मुंबईत १८६६ च्या आगाखान खटल्यात खोजा नेमके कोण, हा प्रश्न उच्च न्यायालयापुढे आला आणि न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी त्यांना शिया इमामी इस्माइली ठरवले, तेव्हा या जुन्या वर्गवारीचे वजन प्रत्यक्ष मालमत्तेवर पडले. इस्माइलींचे स्वतःचे वाङ्मय अभ्यासकांना मोठ्या प्रमाणावर मिळू लागले ते त्यानंतर कित्येक दशकांनी. आसफ अली असगर फैझी यांनी आपल्या संग्रहातली इस्माइली हस्तलिखिते मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दिली आहेत. मुंबईतल्या विद्यार्थ्याला त्यासाठी कैरो गाठायला नको.

सुरुवात शहरस्तानीच्या पाच प्रस्तावनांपासून करा. त्यातलाच एखादा पंथ नंतर बगदादीत वाचा, मग अशअरीत. हा क्रम उलटू नका. बगदादी लिहितो फार झकास, आणि पहिल्यांदा तोच वाचला तर त्याचे ७२ डोक्यातून जायला वेळ लागतो. टिपण करताना 'अमुक पंथ असे मानतो' असे वाक्य लिहू नका. 'बगदादीच्या म्हणण्याप्रमाणे अमुक पंथ असे मानतो' असे लिहा, आणि पुढे पान क्रमांक टाका.